दमलेल्यांची बैठक

टिच्.

टिचबटण लागलं. गेल्या तीन दिवसांत या घरात कुणी मुद्दाम केलेला हा पहिलाच आवाज होता. कप ठेवताना बशीसुद्धा वाजू नये याची सगळे काळजी घेत असताना सासऱ्यांनी टेबलावरचा रेक्झिनचा तुकडा पुढे ओढला, त्यावरचं बटण अंगठ्याने दाबलं, उघडलं आणि पुन्हा दाबलं. मग चष्म्यावरून एकेकाकडे बघितलं. अबोला मिटला, हे सांगायची त्यांची हीच रीत.

"आज तिसरी बैठक," ते म्हणाले. "सगळ्यांनी दमायला लागा."

सुनेने हसू लपवायला लेकीच्या वेणीत तोंड खुपसलं. घरात तिला कात्री म्हणायचे. तळमजल्यावरच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली जायची, त्यांचं कापणं तिच्याकडे होतं. शिवाय जिभेलाही धार होती. हे नाव नणंदेने ठेवलं, आणि लग्नातल्या सगळ्या आहेरांत तेवढं एकच टिकलं. सहा वर्षांच्या लेकीचं नाव मग ओघानेच ठिणगी पडलं.

तीन दिवसांचा अबोला गाडीवरून होता. बावीस वर्षं राबलेली व्हॅन गेल्या महिन्यात कारखान्याच्या दारात बसली ती बसलीच. तीन पिढ्या दुसऱ्यांच्या हजारो गाड्यांना कपडे चढवणाऱ्या या घराने स्वतःसाठी कोरी गाडी कधी घेतलीच नव्हती. आता घ्यायची ठरली, तशी एकेकाला शिंगं फुटली. नवऱ्याला हवी होती एक उंच, रुंद, पेट्रोलवरची गाडी. तिच्यात रेक्झिनचे गठ्ठे आडवे मावायचे आणि शेजारी उभे राहून बघायचे. तिचं नाव पडलं हत्ती. नणंद दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकटीनेच बोलायची तिला सवय. तिला हवी होती पूर्ण विजेवर चालणारी, आवाज न करणारी, म्हणून ती मुकी. आणि कात्रीचा जीव अडकला होता दुहेरीत. दुहेरी पेट्रोलही पिते, बॅटरीवरही चालते, ब्रेक मारला की बॅटरी आपली आपण भरते, भिंतीला वायर लावून बसावं लागत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं, इंजिनाचं मला काही सांगू नका, सीट काय ते बोलेल. सासूबाईंनी जाहीर केलं होतं की त्यांचं मत शेवटी. तेव्हापासून नवरा संध्याकाळी त्यांचे तळवे चेपत होता आणि नणंदेने त्यांचे दात असे चकचकीत करून दिले होते की त्या विनाकारण हसत फिरायच्या.

कात्रीने भिंतीवर खाकी कागद लावून तिन्ही गाड्यांची तुलना मांडली होती. लिटरमागे किती पळते, एका भरण्यात किती जाते, चढावर काय होतं, मागच्या सीटवर गुडघे कुठे येतात, सगळं खडूने. नणंदेने त्यात लाल खडूने एक रकाना वाढवला, धूर. नवऱ्याने त्याखाली आणखी एक वाढवला, रुबाब. शेवटी कात्रीने दोन्ही रकाने सरळ कापून काढले आणि तुकडे ज्याचे त्याला नेऊन दिले. त्यानंतर घराने मूग गिळले.

त्या कागदावरचा पहिला आकडा होता एकशे ऐंशी. तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही. तिच्या आईचं घर एकशे ऐंशी किलोमीटरवर होतं, डोंगर ओलांडून. दोन महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं, आणि आठ दिवसांनी फोनवर म्हणाली, थोडंसं लागलंय, तू काही येऊ नकोस. कात्री गेली होती, एकदा. दोन बस बदलून, ठिणगीला मांडीवर घेऊन, सहा तास. आईने डाव्या हाताने चहा केला होता आणि अर्धा ओट्यावर सांडला होता.

हे तिने घरात बोलून दाखवलं नव्हतं. बोलली असती तर काय झालं असतं हे तिला पाठ होतं. नवरा म्हणाला असता, रविवारी सोडतो तुला. सासूबाई म्हणाल्या असत्या, त्यांनाच इकडे आण. नणंदेने तासाभरात हाडांचा डॉक्टर शोधला असता. सगळ्यांनी सगळं केलं असतं, मायेने केलं असतं, आणि तिला गठ्ठ्यासारखं उचलून इकडून तिकडे ठेवलं असतं. तिला वाटेल त्या दिवशी उठून, स्वतः गाडी चालवत आईच्या दारात उभं राहायचं होतं. एवढ्याचसाठी ती महिनाभर लिटर आणि किलोमीटरच्या आडून भांडत होती.

तीन बैठकांचा नियम आजेसासऱ्यांचा. सीट पारखायची तर तीनदा बसायचं, एकदा उपाशी, एकदा जेवून आणि एकदा दमून. उपाशी माणसाला सगळंच टोचतं, जेवलेल्याला सगळंच मऊ लागतं, खरं काय ते दमलेल्याला कळतं. पहिल्या दोन बैठका झाल्या होत्या. दुसरीच्या वेळी सासरे हत्तीच्या मागच्या सीटवर पाऊण तास घोरले होते आणि शोरूममधल्या दोन गिऱ्हाइकांना ते बघून गाडी पसंत पडली होती.

तर आता दमायचं. सासूबाईंनी पदर खोचला आणि जिना चढउतार सुरू केला, मोठ्याने मोजत. नवऱ्याने कारखान्यातले सगळे गठ्ठे या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेले आणि मग, जागा पसंत न पडल्यासारखं करून, परत आणले. नणंद ठिणगीबरोबर दोरीवरच्या उड्या मारायला गच्चीवर गेली. दहा मिनिटांनी ठिणगी धावत खाली आली आणि तिने सगळ्यांना सांगितलं की आत्या नुसती बसलीये आणि कपाळाला नळाचं पाणी लावतेय. नणंदेवर खटला चालला. शिक्षा म्हणून तिला जिन्याच्या वीस फेऱ्या जास्तीच्या मिळाल्या. त्या मोजायला सासूबाई पायरीवर बसल्या आणि त्या निमित्ताने स्वतःच्या उरलेल्या फेऱ्या त्यांनी गिळल्या.

"आणि तू ग?" सासऱ्यांनी कात्रीला विचारलं. "तू काय करणार दमायला?"

कात्रीने सकाळपासून दोन गाड्यांचे कपडे कापले होते, ठिणगीला न्हाऊ घातलं होतं, पाच माणसांच्या चादरी धुऊन वाळत घातल्या होत्या.

"मी तयारच आहे," ती म्हणाली.

सासरे चपला शोधायला लागले.

शोरूमपर्यंत सगळे चालत निघाले, नाहीतर दमणं अंगातून उतरलं असतं. पेट्रोल पंपावरून, शाळेच्या लांबलचक भिंतीकडेने, पुलाखालच्या टायरवाल्यांच्या समोरून. चालताना तट बदलत होते. टायरवाल्यांपर्यंत नवरा आणि नणंद हातात हात घालून दुहेरीची टिंगल करत होते, की तिचं म्हणजे तळ्यात ना मळ्यात. पुढच्या चौकात नणंद म्हणाली की हत्तीला पार्किंगसाठी शेजारच्यांचं कुंपण पाडावं लागेल, आणि युती तिथेच मोडली. सासूबाई दोघांच्या मधून चालत होत्या, दोघांच्याही बाजूने मान हलवत.

शोरूम मोठं होतं, एकाच छपराखाली चार-पाच कंपन्यांच्या गाड्या. तिथली कोट घातलेली विक्रेती आता या कुटुंबाला ओळखून होती. काचेबाहेर पाच घामाघूम माणसं आणि एक उड्या मारणारी पोर दिसली, तशी तिने हातातलं काम ठेवलं आणि पाण्याच्या बाटल्या आणायला आत गेली.

"आज दमून का?" तिने विचारलं.

"आज दमून," सासरे समाधानाने म्हणाले. ही कोटवाली त्यांना आवडायला लागली होती.

हत्तीत चढताना सासूबाईंचा एक पाय आत आणि एक जमिनीवर राहिला. नवऱ्याने मागून आधार दिला, नणंदेने पुढून ओढलं, आणि त्या आत पोचल्या तेव्हा म्हणाल्या की इथून बाजारात जायचं तर शिडी बरोबर घ्यावी लागेल. कात्री चालकाच्या जागी बसली. सीट वरखाली करून बघितली, पुढे ओढली. तिला गाडीचं नाक काही दिसेना, नाकाच्या पलीकडचं जगही अर्धंच दिसत होतं. मुकीत शिरणं सोपं होतं. पण मागे बसल्यावर सगळ्यांचे गुडघे छातीकडे आले. बॅटरी सबंध जमिनीखाली पसरलेली, म्हणून पाय ठेवायची जागा वर आलेली. सासरे डोळे मिटून बसले, मांडीखाली हात घालून म्हणाले, मांडी अधांतरी आहे, अर्ध्या तासात कंबर बोलेल. नणंद म्हणाली, माझी नाही बोलत. सासरे म्हणाले, तुझ्या कंबरेला तू बोलू देतेस कुठे.

मग दुहेरी. सासरे मागे बसले. डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांचे खांदे खाली आले आणि चेहरा सैल झाला. कात्रीने श्वास धरून ठेवला. हा चेहरा तिला ठाऊक होता, उत्तम फोम हाताला लागला की असा व्हायचा.

आणि इथे सासऱ्यांच्या हातांनी घात केला. चाळीस वर्षांची सवय. ते गाडीतून उतरले, सीटची पुढची कड दोन्ही हातांनी पकडली आणि वर दोन झटके दिले. खट्, खट्. आकडे सुटले आणि कोटवाली "काका, अहो" म्हणेपर्यंत मागची सबंध सीट त्यांच्या मिठीत होती.

"खालून फोम बघतो फक्त," ते म्हणाले. आणि थांबले.

सीटखाली एक पत्र्याची पेटी होती, त्यावर नारिंगी वायर. आणि दाराजवळ, सीटच्या बगलेला, तळहाताएवढी काळी जाळी.

"ही कसली?" त्यांनी विचारलं, पण आवाज असा की उत्तराची भीती वाटावी.

कोटवालीने सांगितलं की खाली बॅटरी आहे, ती तापते, आणि गाडीतली गार हवा या जाळीतून ओढून घेते. "नाकच समजा तिचं. म्हणून तर पुस्तकात लिहिलेलं असतं, जाळी झाकू नका."

ती जाळी कात्रीने आधी पाहिली होती. मागच्या वर्षी अशा गाड्या कारखान्यात यायला लागल्या तेव्हा तिने खडू थांबवून विचारलं होतं, बाबा, या जाळीचं काय करू. आणि सासरे म्हणाले होते, झाकून टाक, सीटला भोक शोभत नाही. कव्हर असं बसलं होतं की गिऱ्हाईक हात फिरवून खूश. त्यातला एक टॅक्सीवाला दोन महिन्यांनी परत आला होता, समोर कसलातरी लाल दिवा लागतो म्हणून. सासऱ्यांनी त्याला सांगितलं होतं, नव्या गाड्यांचे नखरे आहेत.

"किती गाड्या?" सासऱ्यांनी तिला हळूच विचारलं.

"सहा."

"सहा गाड्यांची नाकं दाबली आपण."

"मी कापलं, बाबा."

"मी सांगितलं तुला."

"मी विचारायला हवं होतं पुन्हा."

"मी ऐकलं असतं का पुन्हा?"

ठिणगीने विचारलं की मग त्या गाड्या तोंडाने श्वास घेतात का. नणंदेला हसू फुटलं. ती ते दाबायला गेली आणि नाकातून आवाज आला, त्यावर नवरा हसला, त्यावर सासूबाई आपले नवे दात दाखवत हसल्या, आणि कोटवालीसुद्धा पाठ फिरवून खांदे हलवायला लागली. दमलेली माणसं एकदा हसायला लागली की थांबत नाहीत. कात्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

एकटे सासरे हसले नाहीत. सीट मांडीवर घेऊन ते शोरूमच्या चकचकीत फरशीवर बसले होते.

"ही गाडी नको," ते म्हणाले. "रोज सकाळी दारात उभी राहून मला माझी चूक दाखवणार ती."

हसणं विरायच्या आत नवऱ्याने हत्तीचं नाव पुढे केलं. नणंदेने मुकीचं. दोघांचे चेहरे असे उजळले जणू गोट्यांचा डाव हरता हरता जिंकला. कात्री दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि तिच्या डोक्यात लिटर नव्हते, चढ नव्हता, गुडघे नव्हते. ओट्यावर सांडलेला चहा होता.

"मला आईकडे जायचंय," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "आत्ता?"

"आत्ता नाही. नेहमी. मला वाटेल तेव्हा." एकदा टाका उसवला तशी मग सगळी शिवण सुटत गेली. आई न्हाणीघरात पडली, मनगट मोडलं, डाव्या हाताने चहा करते. एकशे ऐंशी जायचे, एकशे ऐंशी यायचे, मध्ये डोंगर. मुकी एका भरण्यात जाईल, पण आईची गल्ली इतकी अरुंद की गाडी टोकाला लावावी लागते, तिथे वायर कुठून आणणार. हत्तीतून घाटातलं वळण मला दिसणारच नाही. "दुहेरीत टाकी भरली की जाऊन येऊन उरतं. मी हिशोब केलाय. दहा वेळा केलाय."

नणंदेने ओठ हलवले आणि पुन्हा मिटले, हे तिच्या आयुष्यात क्वचितच घडायचं.

"मला का नाही सांगितलंस?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच कात्रीला जड गेलं. "मी सोडलं असतं ना तुला."

"म्हणूनच नाही सांगितलं. मला सोडून यायला कुणी नकोय रे. मला जायचंय."

त्याने खिशातून घडी घातलेला खाकी कागदाचा तुकडा काढला, रुबाब असं लिहिलेला, आणि चुरगाळून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोंबला. याहून मोठी माफी त्याला येत नव्हती आणि तिला लागतही नव्हती.

"आईचं मनगट कसं आहे ते तरी सांग," नणंद म्हणाली. "बोटं वळतात का? मूठ मिटते का? डॉक्टर कोण आहे? नको, राहू दे. तू बघशील." शेवटचे दोन शब्द बोलताना तिला किती कष्ट पडले ते सगळ्यांना दिसलं.

सासूबाई एव्हाना दुहेरीच्या पुढच्या सीटवर बसून चपला काढून मोकळ्या झाल्या होत्या. तिथूनच त्यांनी फरशीवर बसलेल्या सासऱ्यांना हाक मारली.

"अहो, रोज सकाळी दारात उभी राहून तुमची चूक दाखवायचं काम मी चाळीस वर्षं करतेय. मला कधी परत पाठवलंत?"

सासऱ्यांनी मान वर केली. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं.

"माझं मत हिला," सासूबाई म्हणाल्या आणि डॅशबोर्डवर हात आपटला. "मी दमलेय. दमलेल्याला कळतं. आणि कव्हरला जाळीपुरतं भोक ठेवायचं असेल तर ठेवा की. तुमच्या बनियनला नाहीत का."

सासरे उठले. सीट जागच्या जागी बसवली, आकडे लावले, हलवून बघितलं. मग जाळीपुढे वाकून चार बोटांनी तिची लांबी घेतली, रुंदी घेतली.

"खिडकी ठेव इथे," ते कात्रीला म्हणाले, जशी काही ती दोघं कारखान्यातच होती. "चौकटीला दुहेरी शिवण. आणि त्या सहाही जणांना उद्या बोलवायचं. मी स्वतः सांगेन त्यांना. टॅक्सीवाल्याला आधी."

कोटवालीने विचारलं, चालवून बघणार का. नवऱ्याने सवयीने हात पुढे केला, आणि किल्ली घेऊन ती कात्रीच्या हातात दिली.

शोरूमच्या मागच्या रस्त्यावर त्यांनी जी फेरी मारली ती पुढे कित्येक वर्षं या घरात सांगितली गेली, दर वेळी थोडी लांबवून. कात्रीने बटण दाबलं. काही झालं नाही. सासरे म्हणाले, बिघडली. नवरा म्हणाला, पुन्हा दाब. नणंद म्हणाली, हीसुद्धा मुकीच निघाली की, मग माझी काय वाईट होती. तोवर कात्रीने गियर टाकून ब्रेक सोडला होता आणि बाहेरची झाडं मागे सरकत होती. झाडं का सरकतायत, सासूबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की गाडी केव्हाची चाललीये. मागे सगळे एकमेकांच्या मांड्यांवर कोसळून हसत होते. त्यांच्यात दाटीवाटीने बसलेली कोटवाली उतारावर इंजिन कसं झोपतं आणि चढावर कसं जागं होतं ते सांगायचा प्रयत्न करत होती, आणि शेवटी तिनेही नाद सोडून दिला.

कात्रीच्या हाताखाली चाक हलकं होतं. वळणावर तिला गाडीचं नाक दिसत होतं, रस्त्याची कड दिसत होती. चढ आला तसं कुठेतरी खोलवर इंजिन उठलं, अंग घासत उठणाऱ्या मांजरासारखं, आणि गाडी वर गेली. टेकाडाच्या माथ्यावर तिने ती कडेला घेतली. खाली रस्ता लांबवर गेलेला दिसत होता, शेवटी धुरकट निळे डोंगर. तिच्या छातीत काहीतरी फुगत होतं, लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात वर पोचल्यावर फुगायचं तसं. ते डोंगर, तिला वाटलं, आता काही फार उंच नाहीत.

"शनिवारी जा," शेजारून सासूबाई हळू म्हणाल्या. "गाडी आली की पहिल्याच शनिवारी. सांगायचं नाही आधी. नुसतं दार वाजवायचं."

ठिणगी आजोबांच्या मांडीवरून पुढे वाकली होती. दोन सीटांच्या मधून तिने डोकं काढलं, हनुवटी आईच्या खांद्यावर टेकली आणि तीही डोंगरांकडे बघायला लागली. तिच्या श्वासाला बडीशेपेच्या गोळीचा वास होता. ती खूप वेळ विचार करत असावी, कारण बोलली तेव्हा सगळं ठरवून झाल्यासारखी बोलली.

"आई, आजी पडली तेव्हा आपण इथे होतो ना?"

"हो ग."

"मग आता पुढच्या वेळी ती कोणत्या दिवशी पडणार आहे ते आपल्याला कोण सांगणार? म्हणजे आपण आदल्या दिवशीच निघू."